स्वायत्त रोबोगाडी घडवताना : चाकांच्या मोजमापापासून नकाशापर्यंत

आपण कोठे आहोत हे स्वतः ओळखणारी, समोरचा अडथळा स्वतः पाहणारी आणि माणसाने सुकाणू न धरता ठरलेल्या ठिकाणी पोहोचणारी जमिनीवरची गाडी म्हणजे स्वायत्त गाडी. या तीन कामांपैकी पहिले सर्वांत कठीण आहे आणि नवशिक्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. रोबोट करायला घेतला की पहिली खरेदी बहुधा कॅमेऱ्याची होते, पहिला आठवडा वस्तू ओळखणारी तयार प्रणाली संगणकावर चालवून पाहण्यात जातो, आणि गाडी मात्र दहा फूट सरळ जात नाही. म्हणून या लेखातील क्रम मुद्दाम वेगळा ठेवला आहे. आधी चाके, मग विद्युतपुरवठा आणि थांबण्याची सोय, त्यानंतर चाकांवरून अंतर मोजणे, आणि हे सारे जमल्यावरच लायडार (लेसर किरणाने भोवतालची अंतरे मोजणारे उपकरण), नकाशा व मार्ग ठरवणे.

एक भेद आरंभीच लक्षात घ्यावा. दूरनियंत्रित यंत्र आणि स्वायत्त यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यातील दिघी येथील ‘डीआरडीओ’च्या प्रयोगशाळेने विकसित केलेला बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ हे दूरनियंत्रित यंत्राचे उत्तम उदाहरण आहे. तो जिने चढतो, संशयित वस्तू उचलतो, परंतु प्रत्येक निर्णय दूर बसलेला चालक घेतो आणि त्या कामासाठी तेच योग्य आहे. आपल्याला जी गाडी करायची आहे तिचे निर्णय तिच्यावरच्या संगणकाने घ्यायचे आहेत. तरीही तिचा पहिला टप्पा दूरनियंत्रितच असावा, कारण हाताने नीट चालवता न येणारी गाडी संगणकालाही चालवता येत नाही.

पहिली पायरी : काम आकड्यांत लिहिणे

‘घरभर फिरणारा रोबोट’ हे काम म्हणून पुरेसे नाही. त्याऐवजी वहीत असे लिहावे : तीन किलो वजनाची गाडी, सपाट फरशी, कमाल वेग सेकंदाला अर्धा मीटर, दिवाणखान्याच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचा प्रवास, वाटेत आधी नसलेली एक खुर्ची, आणि शेवटी ठरलेल्या बिंदूपासून 10 सेंटिमीटरच्या आत थांबणे. हे वाक्य लिहिले की मोटर कोणती, चाक केवढे, लायडारचा पल्ला किती, या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघू लागतात. या लेखातील सारे हिशेब याच गाडीचे आहेत.

दुसरी पायरी : सांगाडा, चाके आणि मोटर

पहिल्या गाडीसाठी दोन चालती चाके आणि मागे किंवा पुढे एक मोकळे फिरणारे कास्टर चाक, एवढी रचना पुरते. दोन्ही चाके सारख्या वेगाने फिरली तर गाडी सरळ जाते, वेगात फरक पडला तर वळते, आणि उलट दिशांना फिरली तर जागेवर गिरकी घेते. चार चाकांची गाडी दिसायला भक्कम असते. मात्र तिची चाके वळताना फरशीवर घासतात, आणि घासलेले चाक किती फिरले यावरून गाडी किती वळली हे सांगता येत नाही. पहिल्या प्रयत्नात चार चाके टाळावीत, असे माझे ठाम मत आहे.

मोटर निवडताना हिशेब करावा. 65 मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे 204 मिलिमीटर होतो. सेकंदाला अर्धा मीटर जायचे तर चाकाने सेकंदाला सुमारे अडीच फेरे, म्हणजे मिनिटाला 150 फेरे घेतले पाहिजेत. आता जोर पाहू. तीन किलोची गाडी दहा अंशांच्या उतारावरून वर नेण्यास सुमारे 5 न्यूटन लागतात. घर्षण आणि वेग वाढवण्यासाठी लागणारा जोर धरून हा आकडा साडेसातच्या आसपास जातो. चाकाची त्रिज्या 3.25 सेंटिमीटर असल्याने प्रत्येक मोटरच्या वाट्याला साधारण 1.25 किलो-सेंटिमीटर इतके पिळाचे बल येते. बाजारात मोटरवर लिहिलेला आकडा बहुधा ती अडकल्यावरचा असतो, तेव्हा याच्या किमान दुप्पट क्षमतेची मोटर घ्यावी. शक्य असल्यास तिप्पट घ्यावी.

मोटरच्या आसावर एन्कोडर हवाच. किती फेरे झाले आणि कोणत्या दिशेने, हे मोजणारे हे छोटे उपकरण आहे. ते नसलेली मोटर थोडी स्वस्त मिळते, आणि इतर सर्व ठिकाणी काटकसर केली तरी येथे करू नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदीला गेलात तर एकाच जातीच्या दोन मोटरी मागाव्यात आणि दुकानातच दोन्ही समान व्होल्टेजवर फिरवून त्यांचा वेग ऐकून घ्यावा. कानाला जाणवण्याइतका फरक असेल तर जोडी बदलून घ्यावी.

सांगाडा प्लायवुडचा असला तरी चालतो, परंतु दोन्ही चाकांचे आस एका रेषेत आहेत की नाही हे गुण्या लावून तपासलेच पाहिजे. बॅटरी खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवावी. वजन कास्टरवर गेले की चालती चाके फरशीवर घसरू लागतात.

तिसरी पायरी : वीज आणि लाल बटण

मोटरींचा पुरवठा आणि संगणकाचा पुरवठा वेगळा ठेवावा. मोटर सुरू होताना क्षणभर मोठा विद्युतप्रवाह ओढते आणि त्या क्षणी संगणकाला मिळणारे व्होल्टेज खाली येते. रास्पबेरी पाय 4 सारख्या संगणकाला 5 व्होल्ट लागतात आणि पुरवठा सुमारे 4.6 व्होल्टच्या खाली गेला की तो इशारा देऊ लागतो. गाडी वळताना संगणक पुन्हा सुरू होतो, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक नव्या गटाकडून ऐकू येते आणि तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते. एकच बॅटरी वापरायची असल्यास संगणकासाठी स्वतंत्र आणि पुरेशा क्षमतेचा बक कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज खाली आणून स्थिर ठेवणारा भाग, लावावा. दोन्ही पुरवठ्यांची ऋण बाजू मात्र एकत्र जोडलेली असावी.

तीन लिथियम सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते. ती 10 व्होल्टच्या आसपास आली की गाडी थांबवावी, कारण त्याहून खाली गेल्यास सेलचे नुकसान होते. फुगलेला सेल पुन्हा चार्ज करू नये आणि कोणतीही लिथियम बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये. बॅटरीच्या धन तारेवर, बॅटरीला शक्य तितका जवळ, फ्यूज बसवावा.

मोटर ड्रायव्हरसाठी, म्हणजे आज्ञेप्रमाणे मोटरला वीज सोडणाऱ्या भागासाठी, बहुतेक जण एल298एन घेतात. तो स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा आहे, परंतु त्याच्यातच सुमारे दोन व्होल्ट खर्च होतात आणि तो तापतो. लहान गाडीला टीबी6612 अधिक चांगला. त्याची प्रत्येक बाजू सतत 1.2 अँपिअर सोसते, म्हणून आपली मोटर अडकल्यावर किती प्रवाह ओढते हे आधी मोजून घ्यावे.

आता लाल बटण. दाबल्यावर मोटरींची वीज थेट तुटेल आणि संगणक मात्र चालू राहील, अशी जोडणी हवी. थांबण्याची आज्ञा संगणकाच्या कोडमधून जाणारी नसावी, कारण ज्या वेळी बटणाची गरज पडते त्या वेळी बहुधा कोडच अडकलेला असतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ओकलंड विद्यापीठात 1993 पासून भरणाऱ्या स्वायत्त गाड्यांच्या विद्यार्थी स्पर्धेच्या नियमांत लाल रंगाचे, किमान एक इंच व्यासाचे बटण गाडीच्या मागील बाजूस असावे आणि त्याखेरीज किमान 100 फुटांवरून चालणारे बिनतारी थांबवण्याचे साधनही असावे, अशी अट आहे. तेथील गाड्या ताशी पाच मैलांपेक्षा जास्त वेगाने जात नाहीत, तरीही ही अट आहे. आपली गाडी लहान असली तरी मागे, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, हे बटण बसवावे.

थांबायला किती अंतर लागते तेही आत्ताच काढून ठेवावे. अडथळा दिसण्यापासून ब्रेकची आज्ञा मोटरपर्यंत पोहोचेपर्यंत 0.3 सेकंद गेले, तर सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगाने गाडी तेवढ्यात 15 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर सेकंदाला एक मीटर या दराने वेग कमी होत गेला तरी थांबेपर्यंत आणखी साडेबारा सेंटिमीटर जातात. एकूण सुमारे 28 सेंटिमीटर. वेग दुप्पट करून सेकंदाला एक मीटर केला तर हाच आकडा 80 सेंटिमीटर होतो. वेग वाढवण्याचा मोह होईल तेव्हा वहीतला हा हिशेब पुन्हा पाहावा.

चौथी पायरी : दोन मेंदू

चाकांचा वेग राखण्याचे काम सेकंदाला 50 ते 100 वेळा आणि ठरलेल्या क्षणीच व्हावे लागते. नकाशा आणि मार्ग यांचे काम जड असते, पण त्यात थोडा उशीर चालतो. म्हणून ही कामे दोन वेगळ्या बोर्डांवर ठेवावीत. चाकांसाठी ईएसपी32 किंवा आर्डुइनो यांसारखा छोटा नियंत्रक बोर्ड, आणि वरच्या कामांसाठी रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप. ईएसपी32 मध्ये एन्कोडरचे ठोके मोजणारी स्वतंत्र यंत्रणा असल्याने मी तो सुचवतो.

खालच्या बोर्डावर प्रत्येक चाकासाठी पीआयडी नियंत्रण लिहावे. मागितलेला वेग आणि एन्कोडरवरून दिसणारा वेग यांतील फरक घेऊन मोटरला द्यायची वीज कमीजास्त करायची, एवढाच त्याचा गाभा आहे. सुरुवात फक्त फरकाच्या प्रमाणातील पहिल्या घटकाने करावी. गाडी मागितलेल्या वेगाच्या जवळ येऊन जरा कमी पडत असेल तर साठत जाणाऱ्या फरकाचा दुसरा घटक थोडा वाढवावा. फरक किती वेगाने बदलतो यावर चालणाऱ्या तिसऱ्या घटकाची या आकाराच्या गाडीला सहसा गरज पडत नाही.

याच बोर्डावर आणखी एक ओळ हवी : अर्ध्या सेकंदात वरून नवी आज्ञा आली नाही तर दोन्ही मोटरी थांबवाव्यात. वायफाय तुटणे, तार निघणे, संगणक अडकणे या सर्व प्रसंगी ही ओळ गाडीला भिंतीवर जाण्यापासून वाचवते.

वरच्या संगणकासाठी ‘रोबोट ऑपरेटिंग सिस्टम’, म्हणजे बोलीतले ‘रॉस’, हीच आज रूढ व्यवस्था आहे. तिच्या पहिल्या पिढीचा आधार मे 2025 मध्ये संपला, तेव्हा जुने धडे पाहून ती बसवू नये. दुसऱ्या पिढीतील ‘जॅझी’ ही आवृत्ती उबुंटू 24.04 वर चालते आणि तिला मे 2029 पर्यंत आधार आहे. रॉस म्हणजे तयार रोबोट नव्हे. लायडार वाचणारा, नकाशा करणारा, चाकांना आज्ञा देणारा असे छोटे छोटे संगणक-प्रोग्राम एकमेकांना निरोप कसे पाठवतील, याची ती शिस्त आहे. ती शिस्त घरी बसून शिकायला दोन-तीन आठवडे लागतात आणि ते द्यावेत. विद्यार्थ्यांनी आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाकडेही पाहावे. महाविद्यालयांतील रोबोटिक्सच्या प्रयोगशाळांना हा प्रकल्प साहाय्य करतो आणि त्याची स्पर्धा दरवर्षी होते.

पाचवी पायरी : चाकांवरून जागा ओळखणे

येथे थांबून सावकाश काम करावे. पुढचे सारे यश याच पायरीवर ठरते.

एन्कोडर मोटरच्या एका फेऱ्यात 11 ठोके देत असेल, त्याच्या दोन्ही वाहिन्यांच्या चढ-उतारांची मोजणी केली आणि गिअरचे प्रमाण 30 असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात 11 गुणिले 4 गुणिले 30 म्हणजे 1320 ठोके मिळतात. 204 मिलिमीटर घेराला 1320 ने भागले की एका ठोक्यामागे सुमारे 0.155 मिलिमीटर अंतर येते. दोन्ही चाकांच्या अंतरांची सरासरी म्हणजे गाडी किती पुढे गेली, आणि त्यांच्यातील फरकाला चाकांमधील अंतराने भागले की गाडी किती वळली. हा हिशेब सेकंदाला 50 वेळा करत राहिल्यास गाडीला आपले स्थान सतत समजत राहते.

दशांश मिलिमीटरचे आकडे पाहून मन सुखावते, पण ते फसवे आहे. समजा दोन चाकांमधील अंतर 20 सेंटिमीटर आहे आणि उजवे चाक डाव्यापेक्षा केवळ एक टक्का मोठे आहे. म्हणजे 65 मिलिमीटरमध्ये दोन तृतीयांश मिलिमीटरचा फरक. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि रबरी चाकावर वजन थोडे एका बाजूला गेले तरी तेवढा फरक पडतो. दोन्ही चाकांचे फेरे समान राखले तर डावे चाक 10 मीटर जाते तेव्हा उजवे 10.1 मीटर गेलेले असते. दहा सेंटिमीटरच्या या फरकाला 20 सेंटिमीटरने भागले की अर्धा रेडियन, म्हणजे सुमारे 29 अंश येतात. गाडी सरळ चालल्याचे सांगत असते आणि प्रत्यक्षात ती रेषेपासून जवळजवळ अडीच मीटर बाजूला पोहोचलेली असते. अंतराची लहान चूक अंतरापुरतीच राहते, कोनाची लहान चूक मात्र पुढच्या प्रत्येक मीटरबरोबर वाढत जाते.

यावरचा उपाय मोजून दुरुस्त करणे हाच आहे. गाडीच्या दोन्ही चाकांच्या मधोमध सांगाड्याला एक छोटा ओळंबा टांगावा, म्हणजे फरशीवर गाडीचा नेमका बिंदू खडूने नोंदवता येतो. आधी तीन मीटर सरळ चालवावे, टेपने खरे अंतर मोजावे आणि गाडीने सांगितलेल्या अंतराशी त्याचे गुणोत्तर काढून चाकाचा व्यास दुरुस्त करावा. मग गाडीला जागेवर दहा पूर्ण गिरक्या घ्यायला सांगाव्यात आणि ती खरोखर किती वळली हे फरशीवरच्या रेघेवरून पाहावे. त्यातून चाकांमधील ‘परिणामी’ अंतर मिळते. टायर रुंद असल्याने ते सांगाड्यावर मोजलेल्या अंतरापेक्षा काही मिलिमीटर वेगळे येते. आपल्याकडच्या घरांतील दोन फूट चौरस फरशा या कामी फार उपयोगी पडतात, कारण त्यांचे सांधे म्हणजे आयतीच आखलेली जाळी असते. तरी फरशी बसवणाऱ्याच्या हातावर विश्वास न ठेवता दोन-चार ठिकाणी टेप लावून पाहावी.

त्यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. मिशिगन विद्यापीठातील जोहान बोरेनस्टाइन आणि त्यांचे सहकारी फेंग यांनी 1990 च्या दशकात ती सुचवली. गाडीला चार मीटर बाजूच्या चौरसावरून फिरवून आरंभबिंदूकडे आणायचे, पाच वेळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि पाच वेळा उलट दिशेने. दोन्ही दिशा का, हे समजून घेण्यासारखे आहे. चाकांचे व्यास असमान असणे आणि चाकांमधील अंतर चुकीचे धरले जाणे या दोन वेगळ्या चुका आहेत. एका दिशेने फिरताना त्या परस्परांना झाकू शकतात, गाडी बरोबर आरंभबिंदूवर येते आणि आपण समाधानाने पुढे जातो. उलट दिशेने फिरवल्यावर त्याच चुका एकमेकींत मिळतात आणि उघड्या पडतात.

दहाही वेळा गाडी जेथे थांबली तेथे खडूची खूण करावी. फरशीवर खुणांचे दोन पुंजके दिसतील. पुंजक्याचा मध्य आरंभबिंदूपासून जितका दूर, तितकी चूक गाडीच्या बांधणीत किंवा आपल्या आकड्यांत आहे, आणि ती आकडे बदलून कमी करता येते. पुंजका स्वतः जितका पसरलेला, तितकी चूक धूळ, सांधे आणि चाकांच्या घसरण्याची आहे. ती आकड्यांनी जात नाही, पण तिचा आकार मात्र जपून लिहून ठेवावा, कारण पुढच्याच पायरीत तो लागणार आहे. आमच्या कार्यशाळेत मी ही चाचणी झाल्याशिवाय लायडारचा डबा उघडू देत नाही. एकदा घाईत तो नियम मोडला, आणि वाकड्या नकाशाचे कारण शोधण्यात तीन रविवार गेले. कारण चाकाच्या सैल झालेल्या एका स्क्रूमध्ये सापडले.

सहावी पायरी : जायरोची साथ

कोनाची चूक कमी करण्यासाठी गाडीवर आयएमयू, म्हणजे गाडीची हालचाल आणि वळणे मोजणारा सेन्सर, बसवावा. त्यातील जायरो वळण्याचा वेग मोजतो आणि चाक घसरले तरी तो फसत नाही. त्याचा दोष वेगळा आहे. गाडी स्थिर असतानाही तो अगदी थोडे वळण दाखवत राहतो. सेकंदाला 0.1 अंशाची चूक मिनिटाला 6 अंश होते. म्हणून गाडी सुरू केल्यावर पाच सेकंद तिला हात न लावता जायरोची सरासरी घ्यावी आणि ती पुढील प्रत्येक वाचनातून वजा करावी. होकायंत्राचा सेन्सर मात्र घरात वापरू नये. मोटरींची चुंबके आणि भिंतीतील लोखंडी सळया त्याला सतत भुलवतात.

चाके आणि जायरो या दोन साक्षीदारांचे म्हणणे एकत्र करण्याची रीत रुडॉल्फ काल्मान यांनी 1960 मध्ये मांडली आणि ती ‘काल्मान फिल्टर’ म्हणून ओळखली जाते. ज्याची साक्ष जितकी भरवशाची, तितके तिला वजन द्यायचे, असे तिचे तत्त्व आहे. रॉसमध्ये हा फिल्टर तयार मिळतो, परंतु प्रत्येक सेन्सर किती चुकतो हे आपल्यालाच सांगावे लागते. तेथे शून्य लिहिले तर फिल्टर त्या सेन्सरवर आंधळा विश्वास ठेवतो. खडूच्या पुंजक्याचा पसारा लिहून ठेवायला सांगितला तो यासाठीच.

सातवी पायरी : लायडार आणि नकाशा

नवशिक्यांसाठीचा लायडार एका पातळीत फिरतो, सेकंदाला पाच ते दहा फेरे घेतो आणि सुमारे 12 मीटरपर्यंतची अंतरे सांगतो. तो अगदी समतल बसवावा. जमिनीपासून 18 सेंटिमीटर उंचीवरचा लायडार पुढे दोन अंश जरी कलला, तरी त्याचा किरण सुमारे पाच मीटरवर फरशीला टेकतो आणि नकाशात तेथे नसलेली भिंत उभी राहते. काच त्याला दिसत नाही, काळ्या गुळगुळीत पृष्ठभागाकडून परत येणारा प्रकाश अपुरा पडतो आणि खिडकीतून येणारे थेट ऊन त्याला गोंधळवते. टेबलाचे चार पाय दिसतात, वरची फळी दिसत नाही. काचेसाठी आणि खालच्या वस्तूंसाठी पुढे एक-दोन अल्ट्रासॉनिक सेन्सर जोडावेत. त्यांचा हिशेब ध्वनीच्या वेगावर असतो आणि तो वेग 20 अंश तापमानाला सेकंदाला 343 मीटर, तर 40 अंशांना सुमारे 355 मीटर असतो. म्हणजे हिवाळ्यात जुळवलेले अंतर विदर्भाच्या उन्हाळ्यात तीन-साडेतीन टक्के चुकते.

वेळेची चूक ही सर्वांत लपून राहणारी चूक आहे. गाडी सेकंदाला अर्धा रेडियन वळत असताना लायडारचे वाचन 0.1 सेकंद उशिराचे धरले गेले, तर कोन जवळजवळ तीन अंशांनी चुकतो आणि चार मीटरवरची भिंत 20 सेंटिमीटर सरकलेली दिसते. म्हणून प्रत्येक वाचनावर ते जेव्हा घेतले त्या क्षणाची वेळ असावी, पोहोचल्याची नसावी.

नकाशा करणे आणि त्याच नकाशात स्वतःला शोधणे ही दोन्ही कामे एकत्र करण्याला ‘स्लॅम’ म्हणतात. रॉसमध्ये त्यासाठी ‘स्लॅम टूलबॉक्स’ आहे. गाडी हाताने, अगदी सावकाश चालवावी, वळताना विशेष सावकाश, आणि खोल्यांतून फिरून पुन्हा आरंभाच्या जागी यावे. ती ओळखीची जागा दिसली की संगणक साठलेली चूक मागच्या साऱ्या मार्गावर वाटून टाकतो. नकाशात एकच भिंत दुहेरी दिसू लागली, तर स्लॅमचे आकडे बदलत बसू नये. पाचव्या पायरीकडे परत जाऊन चाकांच्या हिशेबातून येणारा गाडीचा कोन तपासावा. बहुतेक वेळा दोष तेथेच निघतो.

या टप्प्यावर तीन चौकटींचा घोळ होतो, म्हणून तो थोडक्यात सोडवतो. ‘बेस लिंक’ ही गाडीला चिकटलेली चौकट. ‘ओडम’ ही चाकांच्या हिशेबाची चौकट, जी कधी उडी मारत नाही पण हळूहळू सरकत जाते. ‘मॅप’ ही नकाशाची चौकट, जी दीर्घकाळ बरोबर राहते पण दुरुस्ती होताना गाडीचे स्थान त्यात अचानक उडी घेऊ शकते. अडथळा चुकवण्यासारखी क्षणाक्षणाची कामे ‘ओडम’मध्ये आणि दूरचे ठिकाण ‘मॅप’मध्ये सांगावे.

आठवी पायरी : जागा शोधणे आणि मार्ग ठरवणे

नकाशा तयार झाल्यावर तो जतन करावा आणि पुढे गाडीने त्यात स्वतःला शोधावे. यासाठीची रूढ पद्धत शेकडो शक्य स्थाने एकाच वेळी गृहीत धरते आणि लायडारला जे दिसते त्याच्याशी न जुळणारी वगळत जाते. वसतिगृहाच्या लांब, दोन्ही बाजूंना सारखीच दारे असलेल्या व्हरांड्यात ही पद्धत चाचपडते. तेथे चाकांचा हिशेबच गाडीला सावरून धरतो.

मार्ग शोधण्यासाठी ‘ए स्टार’ ही पद्धत आजही वापरली जाते. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी ती 1968 मध्ये, ‘शेकी’ नावाच्या रोबोटच्या कामातून मांडली. रॉसमधील ‘नॅव्ह 2’ या संचात ती आणि तिच्या पुढच्या पद्धती मिळतात. नवशिक्यांनी तेथे दोनच आकड्यांकडे नीट लक्ष द्यावे. पहिला, गाडीचा खरा आकार, बाहेर आलेल्या तारांसह. दुसरा, अडथळ्याभोवती राखायचे अंतर. हे अंतर फार वाढवले तर गाडी दाराशी येऊन घुटमळते, फार कमी केले तर चौकटीला घासते. दाराची रुंदी मोजूनच ते ठरवावे.

गाझेबोसारख्या आभासी जगात याची रंगीत तालीम आधी करून घ्यावी. तर्कातील चुका तेथे फुकटात सापडतात. चाकाची घसरण, धूळ आणि उतरलेली बॅटरी मात्र तेथे दिसत नाही, त्यामुळे आभासी गाडी नीट चालली म्हणून पाचवी पायरी वगळू नये.

नववी पायरी : वीस फेऱ्या आणि त्यांची नोंद

गाडी एकदा पोहोचली म्हणजे काम झाले, असे धरू नये. वहीत लिहिलेला प्रवास वीस वेळा करावा. सकाळी आणि संध्याकाळी, भरलेल्या आणि उतरलेल्या बॅटरीवर, खुर्ची दर वेळी वेगळ्या जागी ठेवून. प्रत्येक फेरीचे सर्व सेन्सरचे वाचन संगणकात साठवावे, म्हणजे बिघडलेली फेरी नंतर पुन्हा पुन्हा पाहता येते. फेरीच्या मध्येच आकडे बदलू नयेत, आणि एका वेळी एकच आकडा बदलावा.

चाचण्यांनी किती फरक पडतो हे मोठ्या गाड्यांच्या इतिहासात दिसते. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, ‘दार्पा’ने, 13 मार्च 2004 रोजी मोहावी वाळवंटात 142 मैलांची स्वायत्त गाड्यांची शर्यत घेतली. पंधरा गाड्यांपैकी एकही शेवटपर्यंत गेली नाही. सर्वांत पुढे गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘सँडस्टॉर्म’ साडेसात मैलांच्या आतच अडकली. दीड वर्षाने, 8 ऑक्टोबर 2005 रोजी, 132 मैलांची शर्यत पाच गाड्यांनी पूर्ण केली आणि स्टॅनफर्डची ‘स्टॅन्ली’ 6 तास 53 मिनिटांत जिंकली. स्टॅन्लीच्या छतावर पाच लायडार होते आणि त्यांना रस्ता सुमारे 22 मीटरपर्यंतच खात्रीने दिसत असे. कॅमेऱ्याचे काम त्या खात्रीच्या तुकड्याचा रंग शिकून पुढचा रस्ताही तसाच आहे का ते पाहण्याचे होते, आणि तसा न दिसल्यास गाडी वेग कमी करत असे. कॅमेरा आपल्या गाडीवर जेव्हा बसवाल तेव्हा त्याला असेच नेमके आणि तपासता येईल असे काम द्यावे.

वीसपैकी एकोणीस फेऱ्या 10 सेंटिमीटरच्या आत संपू लागल्या की गाडी अंगणात न्यायला हरकत नाही. तेथे आकडे बदलतात. उघड्या आकाशाखाली साध्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटर असते, म्हणजे पिकाच्या दोन ओळींत फरक करायला ते निरुपयोगी आहे. त्यासाठी आरटीके पद्धतीचे रिसीव्हर लागतात, जे जवळच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेऊन एक-दोन सेंटिमीटरपर्यंत अचूकता देतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा केंद्रांचे जाळे देशभर उभारले आहे. मातीत चाक फरशीपेक्षा कितीतरी जास्त घसरते, म्हणून अंगणातला पहिला दिवस जीपीएससाठी राखू नये. ओळंबा, खडूऐवजी चुन्याची फक्की आणि टेप घेऊन चौरसाची चाचणी दोन्ही दिशांनी पुन्हा करावी, पुंजक्याचा नवा पसारा वहीत नोंदवावा आणि तोच आकडा काल्मान फिल्टरमध्ये भरावा.